मीठ कुणी ओतलं? आल्प्समधल्या रासास तलावाचं प्रकरण

शिरोळ तालुक्यातले एक आजोबा दर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत येतात. बाटली कोल्ड्रिंकची, बूच घट्ट पिळलेलं, वर नातवाच्या अक्षरात गट नंबर. मी मीटरचा इलेक्ट्रोड पाण्यात बुडवते आणि आकडा ठरेपर्यंत आजोबा मीटरकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहतात. यंदाही ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, चढीच निघाली. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ती जास्त. मी सांगितलं तसे ते उसळून म्हणाले, "मॅडम, म्या काय हिरीत मीठ वतलंय व्हय?"

त्यांचं बरोबर होतं. शिरोळकडच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी दिलं गेलं. निचरा झाला नाही, भूजल वर आलं आणि जमिनीच्या पोटातले क्षारही त्याच्यासोबत वर चढले. पाणी उन्हानं उडालं आणि रानात पांढरं मीठ फुटलं. क्षार पहिल्यापासून तिथंच होते, पाण्याची वाट तेवढी बदलली.

आजोबांचा हाच प्रश्न इटलीच्या आल्प्समध्ये, २,६८२ मीटर उंचीवरच्या एका लहानशा तलावाबाबत विचारला गेला. तिथं ऊस नाही, पाट नाही, काठावर एक घरही नाही. प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलामुलींना मी हे प्रकरण दरवर्षी शिकवते. त्याला कारण आहे. कोल्हापुरात पाण्याचं काम करणाऱ्याच्या डोळ्यांना एक सवय जडते. पंचगंगेत मासे मेले की आपण काठाकाठानं वरच्या अंगाला चालत जातो आणि नाला शोधतो, पाइप शोधतो. बहुतेक वेळा तो सापडतोही. रासासच्या काठानं वर चालत गेलं तर शेवटी दगडांचा एक ढिगारा लागतो, बस्स.

जुनी वही

रासास तलाव दक्षिण टिरोल भागात आहे. भोवतालचा खडक रूपांतरित, म्हणजे नाइस आणि शिस्ट या जातीचा. असा खडक सावकाश झिजतो आणि पाण्याला फारसं काही देत नाही. बर्फ वितळून आणि पाऊस पडून साचलेलं पाणी जवळजवळ ऊर्ध्वपातित पाण्यासारखं पातळ असतं. आपल्याकडे गगनबावड्याच्या बाजूला जांभ्यावरून पावसाळ्यात वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी तपासलं की मीटरचा आकडा खालीच घुटमळतो, तोच प्रकार.

पाणी इतकं पातळ होतं म्हणूनच ते तपासलं गेलं होतं. १९८० च्या दशकात युरोपात आम्लपावसाची मोठी धास्ती होती. आम्ल मारायला पाण्यात थोडेतरी क्षार लागतात. ज्या तलावात ते नाहीत तिथं आम्लाचा परिणाम सगळ्यात आधी दिसणार, म्हणून आल्प्समधल्या उंचावरच्या तलावांचे नमुने गोळा झाले. त्यात रासासही होता. १९८५ च्या त्या नोंदी ठेवणाऱ्यांच्या डोक्यात गोठलेल्या जमिनीचा विचार नव्हता. दुसऱ्याच आजाराच्या तपासणीत काढून ठेवलेलं हे रक्त वीस वर्षांनी कामी आलं.

२००५ मध्ये पुन्हा मोजणी झाली. इन्सब्रुकचे हान्सयोर्ग थीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये निष्कर्ष छापले, ते आजही वाचताना मी दर वेळी थबकते. पाण्याची वाहकता अठरा पट झाली होती. सुटे घटक बघितले तर मॅग्नेशियम ६८ पट, सल्फेट २६ पट, कॅल्शियम १३ पट. आणि निकेल पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या दहा पटींहूनही जास्त. युरोपात ही मर्यादा लिटरला २० मायक्रोग्रॅम आहे. आपल्या भारतीय मानकातही तेवढीच, ०.०२ मिलिग्रॅम, आणि त्यात सवलत नाही.

माझ्याकडे असा अहवाल टायपिंगला आला असता तर मी आधी बाटली बदललीय का ते विचारलं असतं.

एकेका संशयिताची झडती

पहिला संशय पाणी आटण्यावर जातो. उष्मा वाढला, बाष्पीभवन वाढलं, पाणी दाट झालं. इथं गुऱ्हाळातली काहिल डोळ्यांसमोर आणावी. रस आटतो तसं त्यातलं सगळंच एका मापानं दाटत जातं. रासासचं पाणी आटून दाटलं असतं तर सगळे घटक साधारण सारख्याच पटीनं वाढायला हवे होते. मॅग्नेशियम ६८ पट आणि कॅल्शियम १३ पट हे आटण्याचं लक्षण नव्हे. कॅल्शियम तळाला बसलं असेल म्हणावं, तर त्यासाठी पाणी बरंच दाट लागतं. एवढ्या पातळ पाण्यात ते बसत नाही.

दुसरा संशय पावसावर. हा मला सगळ्यांत आवडतो, कारण तो उलटून उत्तराकडेच बोट दाखवतो. पावसातलं सल्फेट मुख्यतः कोळसा आणि तेल जाळल्यानं हवेत जाणाऱ्या गंधकाच्या वायूतून येतं. १९८० नंतर युरोपात त्या वायूवर बंधनं आली आणि पावसातलं सल्फेट उतरत गेलं. वरून येणारं सल्फेट घटत असताना तलावातलं २६ पट झालं. म्हणजे ते आभाळातून आलेलं नाही. खालून आलंय.

तिसरा संशयित म्हणजे खडकाची नेहमीची झीज. तापमान वाढलं की ती थोडी वेगानं होते हे खरं. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून होणारी झीज मागे बायकार्बोनेट ठेवते. इथं पुढे होतं सल्फेट. शिवाय हजारो वर्षांत ज्या खडकानं पाण्याला काही दिलं नाही, तो वीस वर्षांत एवढा उदार व्हायचं कारण काय?

उरला दगडांचा ढिगारा.

लांबून तो डोंगरउतारावर सांडलेल्या खडीसारखा दिसतो. जवळून बघितलं तर त्याला जिभेसारखा आकार असतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या, घट्ट पिठलं ताटात ओतल्यावर पडतात तशा. ही शिलाहिमनदी. वर दगडधोंडे, आत बर्फ आणि माती यांचा घट्ट लगदा. चालू अवस्थेतली शिलाहिमनदी वर्षाला काही वितींनी खाली सरकत राहते. जी जमीन सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाच्या वर जात नाही तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, आणि डोंगराळ भागात पर्माफ्रॉस्टची सगळ्यात ठळक खूण म्हणजे ही शिलाहिमनदी. ऑट्झटाल आल्प्समधल्या लाझाउन शिलाहिमनदीत भोक पाडून गाभा काढला तेव्हा तळाजवळचा बर्फ सुमारे १०,३०० वर्षं जुना निघाला. इतका काळ कुलूपबंद असलेला ऐवज आता उघडा पडतोय.

संशय पक्का व्हायला दोन गोष्टी कारणी लागल्या. ऑस्ट्रियात जवळपास २,८०० मीटरवर श्वार्त्झझे नावाचा तलाव आहे. त्याच्याही माथ्यावर शिलाहिमनदी आहे, आणि त्या वीस वर्षांत त्याची वाहकता तिप्पट झाली. पुढे थीस यांच्याच गटानं ओढ्यांची तुलना केली. ज्यांच्या उगमाशी चालू शिलाहिमनदी होती त्यांचं पाणी क्षारांनी दाट होतं, शेजारच्या तशी नसलेल्यांचं पातळ. पाण्यातली सूक्ष्म शैवालंही दोन्हीकडे वेगवेगळी निघाली.

बर्फाच्या पोटात काय घडतं

शाळेसमोर मिळणारी पेप्सी, प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेलं रंगीत साखरपाणी, आपण सगळ्यांनी चोखलेली आहे. पहिल्या दोन-चार घोटांत सगळा रंग आणि गोडवा तोंडात येतो आणि हातात पांढरा, बेचव बर्फ उरतो. पाणी गोठताना त्याचे स्फटिक शुद्ध पाण्याचेच बनायला बघतात, बाकीचं सगळं बाजूला ढकललं जातं. साखर आणि रंग स्फटिकांच्या फटींत दाट थर होऊन बसतात. वितळायला सुरुवात होते ती त्या फटींपासून.

मुलांना हे दाखवायला मी नळाचं पाणी स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवते आणि अर्धं गोठलं की काढते. मधलं न गोठलेलं पाणी वेगळं ओतायचं, बर्फ वरवर धुऊन वितळवायचा आणि दोन्हींची ईसी घ्यायची. एकाच नळाच्या पाण्याचे दोन आकडे इतके लांब पडतात की मुलं इलेक्ट्रोड धुऊन पुन्हा बुडवतात. गोठायच्या राहिलेल्या पाण्यात क्षार गोळा झालेले, आणि बर्फाचं पाणी जणू बॅटरीत घालायचं.

शिलाहिमनदीत हाच खेळ शतकानुशतकं चालतो. उन्हाळ्यात वरचं पाणी दगडांच्या फटींतून झिरपतं, वाटेत खनिजं उचलतं, आत गेल्यावर पुन्हा गोठतं आणि उचललेलं सगळं बर्फाच्या फटींत सोडतं. दर वर्षी थोडी भर. आतला बर्फ वितळू लागतो तेव्हा पहिल्या पाण्याबरोबर ही शिल्लक बाहेर येते.

पण माझ्या मते एवढ्यानं हिशोब पुरा होत नाही, आणि सल्फेट तेच सांगतं. दुसरा कारखाना दगडातच आहे. अशा खडकांत पायराइटसारखी गंधकयुक्त खनिजं असतात. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक, सोन्यासारखं चमकणारं. गोठलेल्या अवस्थेत त्याला ना पाणी मिळतं ना हवा, त्यामुळे ते पडून राहतं. बर्फ सुटला की दगडांच्या ताज्या फुटलेल्या कडांना दोन्ही मिळतं. पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल तयार होतं. ते आम्ल शेजारचा खडक पोखरतं आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम, मँगनीज, ॲल्युमिनियम, निकेल यांना पाण्यात ओढतं. खाणींच्या परिसरात आम्लपाणी वाहतं त्यामागे हीच क्रिया असते. फरक एवढाच की इथं खाण कुणी खणलेली नाही.

२००७ च्या त्या लेखात थीस आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की निकेलचा मेळ परिसरातल्या खडकाशी बसत नाही. मला हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. पुढच्या वर्षांत आल्प्समधल्या अशा तलावांवर जे काम झालं त्यात आम्लपाण्याचा धागा बळकट झाला. मी मुलांना दोन्ही कारणं मांडायला सांगते: बर्फात साठलेली शिल्लक आणि नव्यानं उघडी पडलेली खनिजं. शिल्लक कधीतरी संपेल. उघड्या पडलेल्या दगडाची झीज मात्र बर्फ संपल्यावरही चालूच राहील.

अळ्यांची तोंडं

तलावाच्या तळाशी चिलटांसारख्या बिनचावणाऱ्या माश्यांच्या अळ्या राहतात. डोक्याचं कवच टणक असल्यामुळे मेल्यावर ते गाळात टिकतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तोंडाचे दात मोजता येतात. जड धातूंच्या पाण्यात वाढलेल्या अळ्यांचे दात वेडेवाकडे, जुळलेले किंवा गायब असतात. गाळाचे थर वरून खाली वाचत गेलं की तलावाची दवाखान्याची फाइलच हातात येते.

आल्प्समधल्या दोन तलावांची अशी फाइल हजार वर्षांपर्यंत मागे वाचली गेली आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अपेक्षा अशी होती की अलीकडच्या दशकांत, तापमान वाढल्यावर, विकृती सगळ्यांत जास्त दिसतील. तसं निघालं नाही. चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या दरम्यानच्या थंड काळात, ज्याला लघुहिमयुग म्हणतात, विकृती जास्त होत्या. म्हणजे आम्लपाणी तिथं फार जुनं आहे, आणि थंड पाण्यात जीवांना त्याचा जाच बहुधा जास्त होतो. त्याच अभ्यासानं आणखी एक गोष्ट दाखवली. जिथं हवेचं वार्षिक सरासरी तापमान उणे २ ते अधिक ३ अंशांच्या दरम्यान असतं तिथं असं आम्लपाणी जास्त तयार होतं, कारण जमिनीतलं पाणी वर्षाचा बराच काळ वाहतं राहतं. त्याहून थंड पट्ट्यात ते गोठलेलंच असतं.

मी हा भाग गाळत नाही, कारण अर्धी बाजू सांगणं मला मान्य नाही. रासासमध्ये वीस वर्षांत झालेली अठरा पट वाढ त्यानं खोटी ठरत नाही. मात्र प्रत्येक वाकडा दात तापमानवाढीच्या नावे लिहिता येत नाही. आणि तो तापमानाचा पट्टा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण जग तापेल तसा तो डोंगरात वर सरकेल आणि आज पुरतं गोठलेलं असलेलं पाणलोट उद्या त्यात येईल.

असं आल्प्सपुरतंच घडतंय असंही नाही. अलास्काच्या ब्रूक्स पर्वतरांगेत ७५ ओढ्यानद्यांचं पाणी केशरी झाल्याची नोंद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. गोठलेली जमीन सुटून लोह बाहेर पडलं, काही ठिकाणी सामू (पीएच) २.३ पर्यंत उतरला. लिंबाच्या रसाइतकं आंबट पाणी.

आपल्या बाजूचा हिमालय

कोल्हापुरातून दर वर्षी कितीतरी मुलं लडाख-स्पितीला जातात. चंद्रताल, त्सो मोरिरी यांचे फोटो दाखवतात आणि म्हणतात, "पाणी एकदम नितळ ओ, थेट ओंजळीनं प्यालो." हे दोन्ही तलाव महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत आणि चार हजार मीटरच्या वर आहेत. हिमालयात गोठलेल्या जमिनीचं क्षेत्र हिमनद्यांपेक्षाही मोठं आहे, शिलाहिमनद्याही ठिकठिकाणी आहेत. तिथल्या प्रत्येक तलावाचं रासास होईल असं मी म्हणत नाही. खडकात चुनखडी असेल तर ती आम्ल मारते आणि धातू पाण्यात टिकत नाहीत. खडक कोणता, बर्फ किती, पाणी कुठून झिरपतं, यावर सगळं ठरतं.

नितळपणावर मात्र भरवसा ठेवता येत नाही. आरओ विकणारा घरी येऊन टीडीएसचं, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं, पेन पाण्यात बुडवतो, तेच पेन रासासच्या पाण्याला पास करेल. मुळात इतकं पातळ पाणी अठरा पट दाट झालं तरी टीडीएसच्या लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत सहज बसतं. आणि मर्यादेच्या दहा पट निकेल म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम. पेन पूर्ण आकडेच दाखवतं, त्यात ते दिसणारही नाही. उकळूनही ते जात नाही, उलट पाणी आटेल तितकं दाटतं. क्लोरीनच्या गोळीचा त्याच्याशी संबंधच नाही.

गेल्या वर्षी ट्रेकला निघालेल्या चौघांनी विचारलं, "मॅडम, आम्ही काही करू शकतो का?" मी त्यांना एक दुपार बसवून घेतलं. संरक्षित जागेत नमुना घ्यायची परवानगी आधी काढायची. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही. सामू आणि ईसी तिथंच घ्यायची, कारण इथं येईपर्यंत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बदलतो आणि सामू सरकतो. पाण्याचं तापमान लिहायचंच. ईसी दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी बदलते. तापमानाची दुरुस्ती न करणाऱ्या मीटरनं चार अंशांच्या पाण्यात घेतलेला आकडा पंचवीस अंशांना घेतलेल्याच्या शेजारी मांडला तर पाणी फुकटच शुद्ध वाटेल. धातूंसाठी वेगळी बाटली. पाणी गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवालात शून्य येतं. ते आम्ल मी मुलांच्या पाठपिशवीत देणार नव्हते, म्हणून धातूंची बाटली त्या वेळी बाद केली.

त्यांनी सामू, ईसी, तापमान, उंची, तारीख, वेळ आणि ओढा कुठल्या बाजूनं तलावात येतो याचा हातानं काढलेला नकाशा एवढं आणलं. एका आकड्यानं काहीच सिद्ध होत नाही हे मी त्यांना निघण्याआधीच सांगितलं होतं. ती पानं मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, शिरोळच्या आजोबांच्या अकरा वर्षांच्या अहवालांशेजारी, त्याच कपाटात ठेवली आहेत. फोल्डरवर वर्ष लिहिलंय आणि खाली पुढच्या मोजण्यांसाठी रकाने आखलेत. त्यातले दोघे यंदा परत निघालेत. मीटर कॅलिब्रेट करायला ते शनिवारी येणार आहेत.